अंगाला बसेल अशी सायकल

शिंप्याकडे सदरा टाकताना आपण छाती, बाही, गळा अशी सगळी मापे देतो. चपला घेताना दुकानातच चार पावले चालून बघतो. आणि सायकल घ्यायची म्हटली की? रंग पाहायचा, घंटी वाजवायची, कॅरिअर मजबूत आहे ना ते हाताने दाबून पाहायचे, आणि ‘बावीस इंची द्या’ असे सांगून मोकळे व्हायचे. शेजाऱ्याने बावीस इंची घेतली, मेव्हण्याने बावीस इंची घेतली, तेव्हा आपणही बावीस इंचीच घ्यायची. शेजारी आपल्याहून वीतभर उंच असला तरी!

सदरा मापात नसला तर फार तर चार लोक हसतील. सायकल मापात नसली तर गुडघा दुखतो, कंबर धरते, तळहातांना मुंग्या येतात. रस्त्यात म्हैस आडवी आली, घाईने उतरायची वेळ आली आणि पाय जमिनीला पुरला नाही, तर दांडीवर आपटून नको तिथे मार बसतो. पुष्कळ माणसे मग ‘आपल्याला काही सायकल मानवत नाही बुवा’ असे म्हणून ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात. शाळकरी मुलगी असली तर चार दिवसांनी पुन्हा पायी निघते. आणि शाळा दूर असली की पुढे काय होते ते शिक्षकांना सांगायला नको.

ज्यांची अंगलट मध्यम मापाची आहे त्यांचे कसेही निभते. पंचाईत होते ती इतरांची. कोणाचे पाय लांब आणि धड आखूड, कोणाचे धड लांब आणि पाय आखूड, कोणी सहा फुटांच्या वर, कोणी पाच फुटांच्या आत, कोणाचा एक पाय दुसऱ्याहून लहान, कोणाचा गुडघा पुरता वाकत नाही. अशांनी सायकलचा सांगाडा, म्हणजे दुकानदार ज्याला फ्रेम म्हणतात तो, कसा निवडावा हे आज पाहू.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक मौज आहे. आजच्या सायकलच्या आधी, १८७० नंतरच्या काळात, इंग्लंडात उंच चाकाची सायकल होती. पुढचे चाक छातीएवढे आणि मागचे परातीएवढे. पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली. त्यामुळे चाक घ्यायचे ते स्वाराच्या पायाच्या लांबीवरून. लांब पायाच्या माणसाला मोठे चाक, आखूड पायाच्याला लहान. म्हणजे त्या काळी सायकल माप घेतल्याशिवाय मिळतच नसे! पुढे १८८५ साली कॉव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ले यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन जवळपास सारखी चाके, आणि साखळीने फिरणारे मागचे चाक. साखळी आली आणि चाकाचा व पायाच्या लांबीचा संबंध सुटला. एकाच मापाचे चाक सर्वांना चालू लागले. सोय मोठीच झाली. पण त्याबरोबर माप घेण्याची सवय मात्र गेली. माप चाकातून निघून सांगाड्यात गेले आणि ते डोळ्यांना दिसेनासे झाले.

आता ‘बावीस इंची’ म्हणजे नेमके काय बावीस इंच? हा प्रश्न दहा जणांना विचारून पाहा. निम्मे तरी ‘चाक’ म्हणतील. दांडीच्या काळ्या सायकलचे चाक अठ्ठावीस इंची असते, मग सायकल बावीस इंची असो की चोवीस इंची. बावीस आणि चोवीस हे आकडे सीटखालच्या उभ्या नळीचे आहेत. पायडलांचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या मध्यापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचे. बावीस इंच म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, चोवीस म्हणजे ६१. पोरांच्या सायकलला मात्र दुकानदार वीस इंची म्हणतो तेव्हा ते चाकाचे माप असते. डोंगरी चालीच्या जाड टायरवाल्या सायकलीला सव्वीस इंची म्हणतात, तेही चाकाचेच. एकाच दुकानात एकाच फळ्यावर हे दोन्ही तऱ्हेचे आकडे शेजारीशेजारी लिहिलेले असतात. गिऱ्हाईक गोंधळले नाही तरच नवल. तेव्हा पहिली गोष्ट, मोजायची टेप खिशात घालूनच दुकानात जावे.

आता स्वतःचे माप. इथे उंची फारशी कामाची नाही. पाच फूट सहा इंचांच्या दोन माणसांत पायांचा फरक दोन-अडीच इंचांचा सहज निघतो. माप पाहिजे ते जांघेपासून जमिनीपर्यंतचे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावले वीतभर फाकवा. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये उभे धरा, त्याची एक कड भिंतीला लागू द्या, आणि सीटवर बसल्यावर जसा दाब येतो तसा येईपर्यंत ते वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी दुसऱ्याला भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंत सेंटिमीटर मोजा. इथून पुढे आपण याला ‘पायमाप’ म्हणू. गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मुलांची मापे मुलांनीच घ्यावी, मुलींची मुलींनी. दशांश अपूर्णांकांचा धडा त्यातच उरकेल.

या पायमापाचे करायचे काय? १९६७ साली इंग्लंडात हॅम्ली आणि टॉमस या दोन संशोधकांनी स्थिर सायकलवर माणसे बसवून, सीट किती उंच असताना माणूस थोड्या वेळात जास्तीत जास्त जोर लावू शकतो ते मोजले. उत्तर आले पायमापाच्या १०९ टक्के. पायडल अगदी खाली असताना त्याच्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, उभ्या नळीच्या रेषेत हे अंतर धरायचे. पायमाप ७६ असेल तर ७६ गुणिले १.०९, म्हणजे जवळजवळ ८३ सेंटिमीटर. हा हिशेब जोर लावणाऱ्यांचा आहे. बाजाराला किंवा शाळेला जाणाऱ्याने त्याहून दोन सेंटिमीटर खाली बसले तरी बिघडत नाही, उलट उतरायला बरे पडते.

टेप हाताशी नसेल तर टाचेची खूण आहे. सीटवर सरळ बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पायडलवर ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. तेवढाच बाक हवा.

आता हाच हिशेब सांगाड्याला लावून पाहू, म्हणजे बावीस इंचीचे गुपित उघडे पडेल. उभी नळी ५६ सेंटिमीटर. तिच्यावर स्प्रिंगची सीट अगदी तळाला बसवली तरी आठ सेंटिमीटर तरी उंची घेणारच, झाले ६४. पायडलाचा दांडा, म्हणजे क्रँक, सुमारे १७ सेंटिमीटर, झाले ८१. याच्या खाली सीट जाऊच शकत नाही. ८१ ला १.०९ ने भागले तर ७४ च्या थोडे वर येते. म्हणजे ज्याचे पायमाप ७४ हून कमी, त्याला बावीस इंचीवर पायडल नीट पुरणार नाही. तो प्रत्येक फेऱ्याला कंबर इकडून तिकडे झुलवणार आणि संध्याकाळी पाठीला तेल लावायला सांगणार. चोवीस इंचीला हीच मर्यादा ७९ च्या आसपास येते. तुमच्या पायमापात सायकल बसते की नाही हे दुकानात जाण्यापूर्वीच, पाटीवर, घरबसल्या कळते.

हे झाले पायडल पुरण्याचे. दांडीचे गणित निराळे. उभी नळी मागे कललेली असल्याने बावीस इंचीची दांडी जमिनीपासून साधारण ८३ सेंटिमीटरांवर येते. चोवीस इंचीची ८७-८८ वर. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दांडीच्या दोन बाजूंना उभे राहिले तर जांघ आणि दांडी यांच्यात निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. म्हणजे बावीस इंचीसाठी पायमाप ८५ पाहिजे. आपल्याकडे असे लांब पायाचे किती? म्हणून तर आपल्या लोकांनी टांग मारण्याची रीत काढली. डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने दोन-तीन ढकल्या, सायकल पळू लागली की उजवी टांग मागून वरून पलीकडे. उतरतानाही तसेच. रीत झकास आहे, तिच्यात एक डौलही आहे. पण ती चालते मोकळ्या रस्त्यावर आणि धडधाकट माणसाला. कॅरिअरवर गवताचा भारा असला, मागे पोर बसले असले, किंवा गुडघा आखडला असला की टांग मारता येत नाही. आणि अचानक थांबावे लागले की दांडी आपले काम करतेच.

एक फरक नीट ध्यानात घ्या. पायडल पुरत नसेल तर ते दुखणे रोजचे आहे. ती सायकल घेऊच नये. दांडी उंच पण पायडल पुरते, अशी सायकल सराव असेल तर वापरता येते. नवशिक्याला, वयस्काला आणि लहान मुलाला मात्र ती देऊ नये.

मग ज्यांना दांडी जमत नाही त्यांनी काय करावे? उत्तर सोपे आहे. अडचण आहे ती लाजेची. दांडी खाली वाकवलेली सायकल घ्यावी, जिला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो. ती निघाली खरी झग्यांसाठी. पण झग्याला जी अडचण तीच धोतराला, तीच लुंगीला आणि तीच नऊवारीला. नेदरलँड्स देशात, जिथे सायकल म्हणजे घरचे जोडेच म्हणाना, तिथे म्हातारे पुरुष अशी सायकल सर्रास वापरतात आणि त्यांना कोणी हसत नाही. आपल्याकडे साठीचे आजोबा कंबर धरून दांडीवरून टांग टाकतील, एकदा पडतील, मग सायकल सोडतील; पण ‘बायकांची’ सायकल म्हणून ती घेणार नाहीत. मला तर हा हट्ट मुळीच पटत नाही. आजोबांच्या सायकलला दांडी नसल्याने गावाची अब्रू जात नाही.

पण एक खरे आहे. सांगाड्याचा त्रिकोण वरच्या दांडीनेच पुरा होतो, आणि त्रिकोण हा सहजी न वाकणारा आकार आहे. दांडी खाली आणली की सांगाडा थोडा लवतो. एका माणसाच्या वजनाला तो लव जाणवतही नाही. परंतु दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवायचे असतील, तर अशी सायकल खड्ड्यात डोलते. त्या कामाला दोन दांड्यांचे जड सांगाडे मिळतात ते याचसाठी. तेव्हा आखूड पायाच्या दूधवाल्याने सीट तळाला बसवूनही पायडल पुरते का ते टाचेने पाहावे, आणि पुरत असेल तरच दोन दांड्यांची घ्यावी. पुरत नसेल तर भार दोन खेपांत न्यावा. दुसरा खात्रीचा उपाय मला तरी दिसत नाही.

आता लांब पाय आणि आखूड धड. असा माणूस दुकानात गेला की दुकानदार पाय बघतो आणि चोवीस इंची काढतो. पायडल पुरते, पण सांगाडा उंचीबरोबर बहुधा लांबही झालेला असतो. हँडल दूर जाते. माणूस पुढे ओणवा होतो, सगळे वजन तळहातांवर येते आणि मान वर करून चालवावे लागते. अशाने उलटा विचार करावा. सांगाडा धडावरून निवडावा आणि पायांची भरपाई सीट वर करून घ्यावी. सीटची उंची नळी ओढून पाहिजे तेवढी वाढवता येते, सांगाड्याची लांबी कमी करता येत नाही. फक्त नळीचे किमान अडीच इंच टोक सांगाड्यात राहिलेच पाहिजे. नळीवर खुणेची रेघ असेल तर ती बाहेर दिसता कामा नये. नाही तर एखाद्या खड्ड्यात सांगाड्याचे तोंड फाटते. त्याहून वर जायचे असेल तर दुकानात लांब नळी मागावी. सहा फुटी माणसाला हा सल्ला विशेष लागू आहे.

आखूड पाय आणि लांब धड असेल तर याच्या नेमके विरुद्ध. इथे बुटका सांगाडा किंवा वाकवलेली दांडी घ्यायची आणि धडासाठी जागा पुढे काढायची. सीट तिच्या खालच्या पट्टीवर मागे सरकवता येते. हँडलही बदलता येते. काळ्या सायकलचे हँडल मागे वळलेले असते, त्याच्या जागी सरळ हँडल घातले की मुठी चांगल्या वीतभर पुढे जातात. सीट मागे सरकवली की पायडलही जरा दूर जाते, म्हणून नंतर उंची पुन्हा टाचेने पाहावी.

ज्याचे सगळेच लहान, उंची पाच फुटांच्या आत, त्याने अठ्ठावीस इंची चाकाचा नादच सोडावा. चाक मोठे आणि सांगाडा लहान अशी जोडी केली की वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला घासतो. चोवीस किंवा सव्वीस इंची चाकाची, बुटक्या सांगाड्याची सायकल घ्यावी. लहान चाकाने धाप लागते अशी एक समजूत आहे. वस्तुतः एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते हे चाकाबरोबरच पुढच्या आणि मागच्या दातेरी चकत्यांवरही ठरते. चकत्या बदलून चाकाची कसर भरून काढता येते. मात्र खड्ड्यात लहान चाक जास्त आदळते, हे खरे.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडचा नियम ठरलेला, ‘जरा मोठीच घेऊ, पुढे उपयोगी पडेल’. सदऱ्याला ते चालते, बाह्या दुमडता येतात. सायकलला दुमडायला काही नाही. मग पोर दांडीखालून पाय घालून वाकडे होऊन हाफ पायडल मारते. आपल्याला त्याचे कौतुक वाटते, पण त्या पोराला ब्रेकही नीट दाबता येत नाही. दोन वर्षांनी बदलावी लागली तरी मापाचीच जुनी सायकल घ्यावी. तालुक्याच्या गावी जुन्या सायकली मिळतात. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या. बिहारात मुलींसाठी अशी योजना २००६ साली सुरू झाली. एकाच मापाच्या पंचवीस सायकली शाळेच्या अंगणात एकदम आल्या की त्या नावाच्या यादीप्रमाणे वाटल्या जातात. वाटा यादीप्रमाणेच, पण त्या दिवशी एक पाना घेऊन सायकलच्या मिस्त्रीला अर्धा दिवस शाळेत बसवा. प्रत्येकीला बसवून सीट वरखाली करून द्या. सर्वांत लहान चणीच्या मुलींची टाच पुरते का ते आधी बघा. सीट तळाला नेऊनही जिला पुरत नाही, तिला स्प्रिंगची जाड सीट काढून पातळ सीट बसवून द्यावी. एवढ्याने दोन-तीन सेंटिमीटर उतरतात, आणि कित्येकदा तेवढ्याचाच प्रश्न असतो.

आता दोन पायांत फरक असणाऱ्यांविषयी. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण त्याआधी ज्यांच्या पायावरून हा रोग गेला ती मंडळी आज कामाधंद्याला लागलेली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना सायकल येऊ शकते. अपघाताने पाय आखूड झालेलेही असतात. अशाने दोन्ही पायांची पायमापे वेगवेगळी घ्यावी. सीट लांब पायाला जुळवली तर आखूड पाय पायडलाच्या मागे धावतो आणि कंबर तिकडे कलते. आखूड पायाला जुळवली तर लांब पायाचा गुडघा छातीशी येतो. म्हणून सीट लांब पायाला जुळवावी आणि आखूड बाजूच्या पायडलवर लाकडी ठोकळा बोल्टाने पक्का बसवावा. ठोकळा सुरुवातीला फरकाच्या निम्म्याच जाडीचा असावा. एवढ्या वर्षांत शरीराने आपली एक चाल बसवलेली असते, ती एकदम बदलली तर दुसरे दुखणे निघते. आठवडाभर चालवून पाहावे आणि वाटल्यास पातळ पट्टी वाढवावी. ठोकळा मात्र दोरीने बांधू नये, चढावर तो नेमका फिरतो. चपलेचा तळ जाड करून घेणे हा दुसरा मार्ग. चांभार ते सहज करतो.

गुडघा पुरता वाकत नसेल तर अडचण पायडल वर येते त्या वेळी होते, खाली जाते तेव्हा नाही. तिथे सीट वर करून थोडेच भागते. खरा उपाय आखूड क्रँकचा. क्रँक जितका आखूड तितका पायडलाचा फेरा लहान आणि गुडघ्याला वाक कमी. लहान सायकलचा क्रँक आसावर बसतो का ते मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. असलेला क्रँक कापून जोडून घेऊ नये. जोड उभ्या चढावर सुटला तर माणूस तोंडावर पडतो.

सायकल घेतल्यावर ती बसली की नाही हे शरीरच सांगते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखू लागले तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्यामागची शीर ओढली जात असेल, कंबर झुलत असेल, तर सीट वर आहे. तळहात बधिर होत असतील तर हँडल दूर किंवा खाली आहे, नाही तर सीटचे नाक पुढे झुकलेले आहे. बदल करायचा तो एका वेळी एकच आणि बोटाच्या पेराहून कमी. सकाळी दोन इंच वर आणि संध्याकाळी दोन इंच खाली केल्याने काहीच कळत नाही.

दुकानात मात्र थोडा धीर पाहिजे. काळ्या सायकली पुष्कळदा सुट्या भागांत येतात आणि दुकानातच जोडल्या जातात. त्यामुळे सीट, हँडल, नळी यांची अदलाबदल जोडण्यापूर्वी सांगितली तर फारसा जादा खर्च नाही. ‘काका, जरा बसून बघू का?’ असे विचारायला लाजू नये. ‘बस की बाबा, बसायलाच तर ती आहे,’ असेच बहुतेक काका म्हणतील. मागचे चाक स्टँडवर घ्यावे, टाच पायडलवर ठेवून दोन्ही बाजूंना पाहावे, दांडीच्या दोन बाजूंना उभे राहून पाहावे आणि मग रंगाचे बोलावे. घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी सीटखालचा बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. चामड्याची सीट असेल तर तेवढ्या दिवसांत ती थोडी दबलेली असते, म्हणून उंचीही त्याच वेळी टाचेने परत पाहून घ्या.